हात कोरडा झाला की

गेल्या ऑक्टोबरात आई दोन महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत आली होती. एका रविवारी पाऊस जरा उघडला तेव्हा मी तिला ओरेगन सिटीला घेऊन गेले. एकोणिसाव्या शतकात पश्चिमेकडे वस्ती करायला मिसुरी नदीकाठून निघालेल्यांच्या गाड्यांची वाट, ओरेगन ट्रेल, जिथे संपायची, तिथे आता एक संग्रहालय आहे. गुडघ्यांमुळे आई कुठेही गेली की आधी बसायची जागा शोधते. पण तिथे छत घातलेली लाकडी गाडी दिसली आणि ती थेट चाकापाशी जाऊन उभी राहिली. तिच्या माहेरी, कोरेगावकडे, दोन बैलगाड्या होत्या. तुंबा, आरे, पाटे, वरची लोखंडी धाव, सगळं तिने ओळखीच्या माणसाचा चेहरा न्याहाळावा तसं पाहिलं. "धाव सैल पडत असणार यांची," ती म्हणाली. "उन्हाळ्यात लाकूड आटतं ना. आमचे आबा रात्रभर चाकं ओढ्याच्या डोहात बुडवून ठेवायचे." मी नंतर वाचलं, या लोकांनीही तेच केलं होतं. कोरड्या पठारांवर चाकं आकसायची, धाव निसटायची, मग नदी लागली की चाकं पाण्यात आणि जिथे फट उरेल तिथे लाकडाच्या चिपा. गाडीच्या मागे टांगलेला वंगणाचा डबाही आईनेच मला दाखवला. मला ती कसली तरी बादली वाटली होती.

मग आम्ही बाकावर बसलो आणि मी फोनवर एक डायरी उघडली. अमेलिया स्टुअर्ट नाइट नावाच्या बाईने १८५३ साली, आयोवातून ओरेगनला येताना लिहिलेली. सोबत नवरा आणि सात मुलं. मी एकेक नोंद आईला मराठीत सांगत होते. १ जूनची नोंद अशी आहे: दिवसभर पाऊस, पुरुष आणि मोठे मुलगे भिजून केविलवाणे झालेत, ती आणि लहान मुलं गाडीत कोंडून बसलीत, तरी पाणी आत येतंच आहे. सगळ्यांचा अवतार बघवत नाही, आणि हे सगळं कशासाठी तर ओरेगनसाठी. लिहिता लिहिता तिच्या मनात येतं, ओरेगन, तू खरंच अद्भुत मुलूख असला पाहिजेस. शेवटी, आज १८ मैल झाले.

आई बराच वेळ गाडीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सात पोरं, चूल, धुणं, त्यात पाऊस. हिला लिहायला वेळ कधी मिळत असेल गं?"

मला उत्तर देता आलं नाही. परत येताना गाडीत मी दुसरंच काहीतरी बोलत राहिले.

आम्ही राहतो वॉशिंग्टन राज्यातल्या व्हँकुव्हरमध्ये आणि माझं ऑफिस पोर्टलंडमध्ये. मधे कोलंबिया नदी. वाहतूक नसेल तर पूल ओलांडायला दोन मिनिटंही लागत नाहीत. अमेलियाच्या कुटुंबाला हीच नदी ओलांडायला तीन दिवस लागले होते, होडकी, डोंगे आणि सपाट तळाची नाव असं जे मिळेल ते घेऊन. हे कळल्यापासून पुलावर माझा पाय ॲक्सिलरेटरवरून आपोआप थोडा उचलला जातो. त्या हिवाळ्यात मी रोज रात्री एक-दोन नोंदी वाचायचे. आधी तिच्या, मग इतरांच्या. अशा डायऱ्या शेकडोंनी जपल्या गेल्या आहेत. १८४० च्या दशकापासून १८६९ मध्ये रेल्वे आरपार जाईपर्यंत तीन-चार लाख माणसं या वाटेने गेली. सुमारे ३२०० किलोमीटर, पाच-सहा महिने, बैलांच्या चालीने दिवसाला साधारण वीस-पंचवीस किलोमीटर. गाडीची साटी दहा फूट लांब, चार फूट रुंद. तीत पीठ, डुकराचं खारवलेलं मांस, कॉफी, अंथरुणं, हत्यारं एवढं भरलेलं असायचं की धडधाकट माणसं सगळी वाट चालतच जायची. मीही आधी चित्रांत बघून समजत होते की बायका गाडीत बसून गेल्या.

या डायऱ्या वाचायला बसलं की पहिले काही दिवस निराशा होते, हे सांगितलं पाहिजे. गवत चांगलं. पाणी खारट. लाकूड नाही, म्हणून गव्यांचं वाळलेलं शेण गोळा केलं. (आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे गोवऱ्याच की!" आणि तिला फार बरं वाटलं.) आज १२ मैल. आज १५. आज मुक्काम, धुणं धुतलं. मला हवं होतं ते मन, आणि समोर होता हिशोब. पण रोज वाचत गेल्यावर कान तयार होतो. गवत चांगलं म्हणजे बैल उद्या चालतील. पाणी खारट म्हणजे आज एखादा बैल मरेल. १८५२ च्या सिसिलिया ॲडम्सच्या डायरीत वाटेवर दिसलेल्या नव्या कबरींचे आकडे येतात, मैलांच्या शेजारी, त्याच आवाजात. १८४९ पासून तीन-चार वर्षं प्लॅट नदीच्या काठाने पटकीची साथ होती. सकाळी चालणारा माणूस संध्याकाळी पुरला जायचा आणि गाड्या दुसऱ्या दिवशी पुढे निघायच्या, कारण हिवाळ्याआधी डोंगर ओलांडायचे होते. थांबून रडायला जिथे सवड नव्हती, तिथे आकडा लिहिणं हीच काय ती विचारपूस होती.

अमेलियाच्या वहीत मात्र माणसं हलतात, बोलतात. निघून आठवडा झाला आहे, १६ एप्रिल. रात्री चिखलातच तंबूत अंथरुणं घातली, ती खराब झाली. सकाळी गारठा, सगळ्यांचाच पारा चढलेला. सेनेका अर्धा आजारी, प्लुटार्कच्या खोगिराचा पट्टा तुटला, नवरा सगळ्यांवर खेकसतोय, आल्मिरा म्हणते मला घरी जायचंय, आणि मी म्हणते, मलाही. ती सकाळ मला ओळखीची आहे. आमच्याकडे गावी जायच्या पहाटे एसटी पकडायची असली की घरात हेच चालायचं. जुलैत धाकटा चॅटफिल्ड गाडीत चढायला म्हणून पुढच्या चाकापाशी आला, तेवढ्यात बैल चालायला लागले आणि तो गाडीखाली गेला. कसा कोण जाणे, चाकाखाली आला नाही. ती लिहिते, जन्मात कधी एवढी घाबरले नव्हते. मी आत सामान लावत होते आणि मला वाटत होतं की फ्रान्सिस त्याला सांभाळतेय. ऑगस्टच्या ८ तारखेला तर लूसी मागेच राहिली. पोर नदीच्या काठाखाली बसून दुसऱ्यांच्या गाड्या पार होताना बघत होती. काही मैल कुणाच्या लक्षातच आलं नाही. आईला वाटलं ती दुसऱ्या गाडीत आहे, दुसऱ्या गाडीतल्यांना वाटलं आईकडे असेल, केस विंचरून घ्यायला ती आईच्या गाडीत नेहमी यायची ना. मागून आलेल्या तांड्याने तिला आणून सोडलं.

केस विंचरून घ्यायला. या एका तपशिलावर मी त्या रात्री अडकले. एवढ्या धुळीत, एवढ्या थकव्यात रोज पोरींच्या केसांतून फणी फिरत होती, आणि हे आपल्याला कळतं ते केवळ पोर हरवली म्हणून. एरवी तिने ते कधीच लिहिलं नसतं. लिहिण्यासारखं ते काय होतं?

आणि मग वहीच्या शेवटी, सप्टेंबरात, एका ओळीत येतं की काही दिवसांनी माझं आठवं मूल जन्माला आलं.

मी मागे गेले. एप्रिलपासून सगळं पुन्हा वाचलं. कुठेही उल्लेख नाही. निघाली तेव्हा तिला साधारण चौथा महिना असणार. पावसात, पटकीच्या वाटेवर, नद्या ओलांडताना, लूसी सापडली त्या दिवशी, सगळीकडे ते मूल सोबत होतं आणि वहीत नव्हतं. त्या काळातल्या बायका ही गोष्ट कागदावर आणत नसत, अनेक डायऱ्यांमध्ये असंच आहे, हे मला नंतर समजलं. पण समजल्याने टोचणी कमी झाली नाही.

या वाटेची चित्रंही मी शोधत होते. शब्दांत जे राहून गेलं ते रेषेत सापडेल अशी आशा होती. गोल्ड्सबरो ब्रफ नावाचा, राजधानी वॉशिंग्टनचा एक नकाशे-आराखडे काढणारा माणूस १८४९ मध्ये सोन्यासाठी निघालेल्या एका कंपनीचा कप्तान होऊन निघाला. त्याने वाटभर रेखाटनं केली, आणि दिसेल त्या कबरीवरचा मजकूर उतरवून घेतला. नाव, गाव, वय, तारीख, कशाने गेला. लाकडाच्या फळीवर खरवडलेली ती अक्षरं दोन पावसाळ्यांत पुसली जाणार हे त्याला दिसत असणार. त्यातली कितीतरी नावं आज फक्त त्याच्या वहीत आहेत. सिएरा डोंगरात तो कंपनीच्या सामानाची राखण करत मागे थांबला, त्याला न्यायला कोणी परत आलं नाही, आणि उपासमारीचा एक अख्खा हिवाळा त्याने तिथे काढला. तिथेही वही चालूच होती. त्याच वर्षी जेम्स विल्किन्स हा चित्रकार मुद्दाम चित्रं काढायलाच निघाला होता. परत जाऊन त्याने एक प्रचंड लांब फिरतं चित्रपट्ट तयार केलं, लोक तिकीट काढून ते बघायला यायचे. ते पट्ट आज कुठे नाही. वाटेत केलेली छोटी रेखाटनं तेवढी विस्कॉन्सिनमध्ये जपलेली आहेत. मला ती आवडतात. आभाळ खूप, खडक मोठा, आणि खाली गाड्या तांदळाच्या दाण्याएवढ्या. पण मी पाहिलेल्या बहुतेक चित्रांत पुरुषांनी काढलेले खडक आहेत. चिमणी रॉक, इंडिपेंडन्स रॉक, डेव्हिल्स गेट. फणी घेऊन बसलेली आई मला कुठे सापडली नाही.

इंडिपेंडन्स रॉकवर लोकांनी आपली नावं टाकली. वायोमिंगमधला हा ग्रॅनाइटचा खडक एखादं जनावर बसल्यासारखा दिसतो. ४ जुलैपर्यंत तिथे पोचलं तर हिवाळ्याआधी डोंगर पार होतील, असा हिशोब असायचा. ज्यांच्याकडे छिन्नी होती त्यांनी नाव कोरलं, बाकीच्यांनी वंगणाने लिहिलं. गाडीमागच्या त्याच डब्यातल्या वंगणाने. मागून येणारा भाऊ किंवा शेजारी ते वाचेल आणि त्याला कळेल की ही माणसं इथवर जिवंत होती, एवढाच निरोप. हाती असेल त्याने लिहायचं. कॅलिफोर्नियाला निघालेल्या डॉनर कुटुंबाच्या तांड्यातल्या पॅट्रिक ब्रीनने बर्फात अडकल्यावर पत्राचे कागद घडी घालून वही केली आणि नोव्हेंबर १८४६ पासून पुढच्या १ मार्चपर्यंत ती चालवली. त्याच तांड्यातली टॅमसेन डॉनर शिक्षिका होती, तिला झाडाफुलांचं वेड. जूनमध्ये प्लॅटच्या काठावरून तिने मैत्रिणीला पत्र लिहिलं, त्यात कुठली रानफुलं सापडली ते आहे, आणि हेही आहे की मी थोडं वाचते, थोडी फुलं अभ्यासते, पण त्याहून खूप जास्त स्वयंपाक करते. तीही टिपणं करत होती. मुलींना सुटका करायला आलेल्यांबरोबर पाठवून ती मरणाऱ्या नवऱ्यापाशी थांबली. तिची वही कोणालाच मिळाली नाही. त्या फुलांच्या यादीपुढे मी नेहमी थबकते.

जानेवारीत मी साताऱ्याला गेले. आईचं माळ्यावरचं सामान आवरायचं होतं. एका पत्र्याच्या पेटीत कालनिर्णयांची चळत निघाली, सुतळीने बांधलेली. तीस-पस्तीस वर्षांची असतील. आमच्या स्वयंपाकघरात दाराच्या आड खिळ्याला कालनिर्णय असायचं आणि त्याच खिळ्याला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. बॉलपेन भिंतीवर धरून लिहिलं की चालत नाही म्हणून पेन्सिल. तारखेच्या चौकोनात आई लिहायची. दुधाचे खाडे. सिलिंडर लावला. दळण ५ किलो. आत्यांना पत्र. फी भरली. मला माहीत असलेलं माझं अख्खं लहानपण त्या चौकोनांत होतं आणि मी त्यात कुठेच नव्हते. फणीसारखीच मी.

१९८६ चा सप्टेंबर मी मुद्दाम शोधला. मी सात वर्षांची होते, त्या महिन्यात मला अचानक मामाकडे पाठवलं होतं. परत आले तेव्हा आई झोपून होती आणि आजी आमच्याकडे राहायला आलेली होती. मला भाऊ होणार होता आणि झाला नाही, हे मी कॉलेजात असताना आत्याकडून कळलं. आईने कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. त्या पानावर ११ ते १५ हे पाच चौकोन कोरे आहेत. सगळ्या चळतीत मला दुसरे पाच कोरे चौकोन सलग सापडले नाहीत. १६ तारखेला पेन्सिलीने लिहिलंय, दळण, बाजरी ३ किलो. अक्षर नेहमीसारखंच.

आई खालून विचारत होती, टाकायचं काय काय आहे. मी कॅलेंडरं पुन्हा सुतळीने बांधली आणि म्हटलं, यातलं काही नाही.

मी एकाच बाजूच्या वह्या वाचत होते, हे मला उशिरा जाणवलं. ज्यांच्या मुलखातून या गाड्या गेल्या तेही नोंद ठेवत होते. लाकोटा लोक वर्ष मोजायचे ते हिवाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत, आणि प्रत्येक वर्षासाठी एक चित्र गव्याच्या कातड्यावर काढायचे, पुढे कापडावर आणि कागदावर. त्या वर्षाची ओळख म्हणून कोणती घटना धरायची, हे वडीलधारी मंडळी बसून ठरवायची. त्यातल्या एकात १८४९-५० साठी एका माणसाची आकृती आहे, पोटात कळ आलेल्या माणसासारखी आखडलेली. त्या साली खूप माणसं पोटात वांब येऊन मेली. पटकी. गोऱ्यांच्या वहीत रोज मैलांशेजारी कबरींचे आकडे येतात आणि इथे सबंध वर्ष म्हणजे ते एक आखडलेलं शरीर. ज्या पाण्याने ते मरत होते, त्याच पाण्याने हे. पण एक तांडा पुढे निघून जात होता आणि दुसऱ्यांचं ते घर होतं. अमेलियाच्या नवऱ्याने कोलंबियापलीकडे दोन बैलजोड्या देऊन ३२० एकरांचा हक्क घेतला. १८५० च्या कायद्याने सरकार नवरा-बायकोला एवढी जमीन देत होतं. चिनूक, काउलिट्झ या तिथल्या मूळ लोकांशी त्या जमिनीबद्दल कसलाही करार पुरा झालेला नसताना देत होतं. माझं घर नदीच्या त्याच काठावर आहे. अमेलियाबद्दल मला जी माया वाटते ती हे कळल्यावर आटली नाही, आणि ती वाटते म्हणून हे विसरताही येत नाही. दोन्ही घेऊन मी पूल ओलांडते.

जूनमध्ये एकटीच लॉरेल हिलला गेले. माउंट हूडच्या पश्चिम उतारावर, हायवे २६ च्या कडेला थोडं चढून गेलं की ती घसरण दिसते. दगडगोट्यांनी भरलेली, सरळ खाली तुटलेली वाट. इथे गाड्या झाडांना दोर गुंडाळून उलट्या ताणत खाली सोडायचे. अमेलियाची ८ सप्टेंबर १८५३ ची नोंद या रस्त्याची आहे. चौदा मैल, चिखल, बुंधे, आडवी पडलेली झाडं, खडक. त्याच दिवसांतल्या एका नोंदीत ती म्हणते की माझ्या पेन्सिलीने या भयंकर रस्त्याचं वर्णन करणं व्यर्थ आहे. मी त्या गोट्यांवरून पन्नास पावलं उतरले, हातात काही नसताना, चांगले बूट असताना, आणि बसले. तिला तेव्हा नववा महिना होता. देवदारांतून पाणी ठिबकत होतं, ओल्या सालीचा वास येत होता. पेन्सिल हा शब्द मी आधी दोनदा वाचून पुढे गेले होते. तिथे बसल्यावर मला दाराआडचा खिळा दिसला.

रात्री आईला फोन लावला. तिकडे सकाळ होती, कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. म्हटलं, तू विचारलं होतंस ना, तिला वेळ कधी मिळत असेल. आईला आधी आठवेना. मग म्हणाली, "वेळ कसला गं? हात कोरडा झाला की लिहायचं. पुन्हा ओला व्हायच्या आत." मी तिला शेवट सांगितला. ऑक्टोबरात तो सांगायचा राहिला होता. लॉरेल हिल सांगितली, आठवं बाळंतपण सांगितलं, त्याआधी सगळ्या वहीत त्याचा एक शब्दही नव्हता हे सांगितलं. आई काही बोलली नाही. कुकरची आणखी एक शिट्टी झाली. "आणि ते मूल..." असं म्हणून ती थांबली. मीही थांबले. पाच कोरे चौकोन माझ्या अगदी ओठांवर आले होते. मग तिनेच विचारलं, "राहिले कुठे मग ते?"

मी म्हटलं, दोन बैलजोड्या देऊन एक लाकडी खोपटं घेतलं, त्याला खिडक्याही नव्हत्या. आणि जमीन, तिच्यात अर्धा एकर बटाटे लावलेले होते.

"सप्टेंबर म्हणजे काढायलाच आले असतील," आई म्हणाली. "बरं झालं. बाळंतिणीला ताजं गरम काहीतरी मिळालं असेल."